अनुभव धागा: मॉरिशसचा ल मॉर्न डोंगर

मॉरिशसच्या नैऋत्य टोकाला, थेट समुद्रात घुसलेला ल मॉर्न ब्राबां. उंची ५५६ मीटर. नेहमी सिंहगड-राजगड करणाऱ्यांना हा आकडा किरकोळ वाटतो आणि घोळ तिथेच होतो. ज्यांनी हा डोंगर केलाय किंवा जे त्या बेटावर राहतात, त्यांनी इथे लिहा. प्रवासवर्णन नको, वाट, वेळ, पाणी, कातळटप्पे, काय चुकतं आणि का, तेवढंच हवं.

पुणे

वाटेचे सरळ दोन भाग आहेत. पायथ्याच्या गेटवर नाव नोंदवायचं, मग झाडीतून रुंद मातीचा रस्ता हळूहळू चढत जातो. पाऊण तासाच्या आसपास मोकळी जागा लागते, खाली लगूनचा, म्हणजे प्रवाळाच्या कड्याआतल्या उथळ समुद्राचा, निळा-हिरवा पट्टा दिसतो. इथवर शाळकरी मुलंही आरामात येतात. गुडघे दुखत असतील किंवा उंचीची भीती असेल, तर इथूनच मागे फिरा, खरंच काही चुकत नाही.

पुढचा भाग वेगळाच. वाट अरुंद होते, मुरमाड घसारा लागतो आणि मग हात लावल्याशिवाय चढता येणार नाहीत असे कातळटप्पे सुरू होतात. माथ्याजवळ क्रूस आहे, तोच शेवट. तो सुमारे ५०० मीटरवर आहे. खरं शिखर पलीकडे, मध्ये व्ही आकाराची खिंड आहे. तिच्यात उतरायचा मोह टाळा. जाऊन-येऊन साधारण ७ किलोमीटर, साडेतीन ते चार तास धरा.

क्वात्र बोर्न, मॉरिशस

वरचं बरोबर आहे. फक्त गेटची वेळ आणि वरच्या टप्प्यासाठी वाटाड्या लागतो का, हे जायच्या आदल्या दिवशी विचारून घ्या, नियम बदलत राहतात. २०१६ साली ही वाट सर्वांसाठी खुली झाली. त्याआधी खालची जमीन खासगी असल्यामुळे असं सहज जाता येत नसे.

मे ते ऑक्टोबर उत्तम. नोव्हेंबरपासून उकाडा वाढतो, आणि जानेवारी ते मार्च वादळांचा काळ. इथे वादळाचे इशारे क्लास १ ते ४ असे देतात. क्लास १ लागला तरी बेत रद्द करा, कारण पाऊस वादळाच्या बराच आधी पोचतो. हा कोपरा बेटाच्या कोरड्या बाजूला आहे, त्यामुळे पायथ्याशी ऊन असलं की लोक निर्धास्त होतात. नजर पूर्वेकडे, रिव्हियेर न्वारच्या डोंगरांवर ठेवा. आग्नेय वारा ढग तिथूनच आणतो.

जून-जुलैत सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो आणि उष्ण कटिबंधात संधिप्रकाश फार टिकत नाही. सूर्यास्त बघायला वर थांबू नका. कातळटप्पे अंधारात उतरायचे नाहीत.

ठाणे

कातळाबद्दल लिहितो. दगड आपल्या ओळखीचा आहे. दख्खनचा बेसाल्ट ज्या रियुनियन तप्तबिंदूतून (पृथ्वीच्या पोटातून लाव्हा वर येतो ती जागा) आला, त्याच तप्तबिंदूने पुढे मॉरिशस घडवलं. कोरडा असेल तर बूट छान धरतो. पण टप्प्यांवर बुटांनी आणलेली लाल माती बसलेली असते. चार थेंब पडले की तिचा साबण होतो. म्हणून पाऊस थांबल्यावर लगेच निघू नका, कातळ वाळू द्या.

चढताना तीन आधार पक्के, चौथा हलवायचा, हे सगळ्यांना माहीत असतं. घसरतात ते उतरताना. बसून सरकत उतरायची सवय इथे महागात पडते: सॅकचा तळ मागच्या पायरीला टेकतो आणि तुम्हाला दरीकडे पुढे ढकलतो. उंच टप्प्यावर तोंड कातळाकडे करा, पोट दगडापासून थोडं लांब ठेवा म्हणजे पाय कुठे ठेवायचा ते दिसतं. सॅक २० लिटरहून मोठी नको, बाहेर लोंबणारं काही नको. काठ्या मोकळ्या जागेवरच मिटून आत टाका. वर कोणी चढत असेल तर बरोबर खाली उभं राहू नका, सुटा दगड तिथेच येतो.

डोंबिवली

पाणी माणशी किमान २ लिटर. वाटेत झरा नाही, वरच्या भागात सावली नाही. मीठ-साखर-लिंबू घालून अर्धा लिटर वेगळं ठेवा. नुसतं पाणी पिऊन पोटऱ्यांत गोळे येतात, तेही नेमके उतरताना. मोकळ्या जागेपर्यंतच अर्धं पाणी संपलं, तर परतायचं.

आणि 'पाण्याखालचा धबधबा' बघायला कोणी चढणार असेल तर थांबा. तो वाळू आणि गाळ खोल समुद्राकडे घरंगळल्यामुळे होणारा दृष्टिभ्रम आहे, आकाशातूनच दिसतो. वरून दिसतात ते प्रवाळाचे कडे, ईल ओ बेनिटिए हे छोटं बेट आणि मॉरिशसचं सर्वात उंच, ८२८ मीटरचं शिखर.

वाक्वा, मॉरिशस

दोन गोष्टी राहिल्या. झुडपाला न बघता हात घालू नका, 'मूश जोन' म्हणजे पिवळ्या गांधीलमाश्यांची पोळी असतात. विषारी सापांची भीती इथे नाही. मदतीसाठी रुग्णवाहिका ११४, पोलीस ९९९.

दुसरी गोष्ट मनापासून. या कड्यांवर आणि गुहांत मळ्यांतून पळालेले गुलाम लपून राहत. आफ्रिका, मादागास्कर, आग्नेय आशिया, आणि हो, हिंदुस्थानातूनही आणलेले. १ फेब्रुवारी १८३५ ला गुलामी संपली. ही बातमी द्यायला आलेले शिपाई पकडायलाच आलेत असं समजून अनेकांनी कड्यावरून उड्या टाकल्या, असं इथले लोक पिढ्यान्पिढ्या सांगत आले आहेत. २००८ पासून डोंगर जागतिक वारसा आहे. गुलामी संपत आली म्हणून मळ्यांना मजूर हवे होते, म्हणून गिरमिटिये, म्हणजे करारावर आणलेले मजूर, आले, आणि मुंबई बंदरातून निघालेले आमचे मराठी पूर्वजही त्यांतलेच. वर स्पीकर लावू नका. उतरल्यावर पायथ्याचं गुलाम मार्गाचं स्मारक बघा. १ फेब्रुवारीला तिथे कार्यक्रम असतो, गर्दी होते, त्या दिवशी चढाईचा बेत नको.

वाटेत लाल, घंटेसारखं लोंबणारं फूल दिसलं तर हात लावू नका. 'बुक्ल दोरेय', म्हणजे कर्णफूल. मॉरिशसचं राष्ट्रीय फूल, आणि रानात ते फक्त याच डोंगरावर उगवतं.