छातीत दुखलं तेव्हा तुम्ही काय ठरवलंत? (अनुभव धागा)

परसबाग
घरात कुणाच्या छातीत दुखायला लागलं की पहिला अर्धा तास 'गॅस असेल' यावर जातो. गेल्या महिन्यात आमच्या भाऊजींच्या बाबतीत तेच झालं. जाऊबाई ओवा शोधतायत, सासूबाई पाठीला बाम चोळतायत, नवरा ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावतोय, आणि भाऊजी म्हणतायत, "मला जरा पडू द्या, होईल बरं." शेवटी पुतणीने गाडीची किल्ली उचलली. निघाली ॲसिडिटीच. पण ते कळलं दोन ईसीजी आणि रक्ततपासणीनंतर, ओव्याने नव्हे.

तर कसं दुखलं, जायचं की थांबायचं हे कशावरून ठरवलंत आणि शेवटी काय निघालं, ते लिहा. निदान विचारायला हा धागा नाही. वाचता वाचता कुणाला आत्ताच दुखत असेल तर वाचन राहू द्या, आधी १०८ लावा.

कृष्णाकाठ
वडिलांचं सांगतो. वय ६८, मधुमेह जुना. पहाटे उठून सोप्यात बसले होते. दुखत काहीच नव्हतं, "कसंतरी व्हायलंय" एवढंच. आईने दिवा लावला तर बंडी पिळून काढावी इतकी भिजलेली. थंडीचे दिवस, आणि कपाळ हाताला गार लागत होतं. आई म्हणाली, रात्री वांगं जास्त झालं. मी तो घाम बघून गाडी काढली.

गावातल्या डॉक्टरांनी लगेच ईसीजी काढला. पट्टी हातात घेतली आणि त्यांचं बोलणंच थांबलं. ॲस्पिरिन चावून खायला लावली, तालुक्याला फोन केला. तालुक्याला गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं आणि तिथून कोल्हापूरला अँजिओप्लास्टी. हे इंजेक्शन पहिल्या दोन-तीन तासांत मिळालं तर सगळ्यात चांगलं, १२ तास उलटल्यावर सहसा देत नाहीत, असं तिथे कळलं. जुन्या मधुमेहात नसा बोथट होतात, त्यामुळे ॲटॅक येऊनही छातीत कळ येत नाही, हेही तेव्हाच समजलं. आता वडील डेअरीला दूध घालायला स्वतः जातात आणि इंजेक्शनची गोष्ट प्रत्येकाला सांगत बसतात.

शटलकॉक
वय २८, पुणे. छातीच्या मधल्या हाडाच्या डाव्या कडेला टोचल्यासारखं. कूस बदलली की कळ, मोठा श्वास घेतला की कळ. दुखरी जागा एका बोटाने दाखवता येत होती आणि दाबली की ओरडायला व्हायचं. आदल्या आठवड्यात पुस्तकांचे खोके तिसऱ्या मजल्यावर चढवले होते. रूममेटने ऐकलं नाही, ओढत नेलं. ईसीजी नॉर्मल. बरगडी जिथे कूर्चेने हाडाला जोडलेली असते तिथे सूज होती. गोळ्या, शेक, आणि खोके उचलायला भावाला बोलवायचं.

लिंबूटिंबू
आमच्या आजीच्या छातीपासून पाठीपर्यंत एकाच बाजूने आग आग. ईसीजी ठीक. तिसऱ्या दिवशी पुरळ उठलं, नागीण! शेजारणीने गेरू लावायला सुचवलं होतं. आम्ही त्वचारोगतज्ज्ञांकडे नेलं. पुरळ उठल्यापासून ७२ तासांत गोळ्या सुरू झाल्या तर चांगला उपयोग होतो म्हणे.

डोंबिवलीची मावशी
माझं छातीत दुखलंच नाही, जबडा दुखायचा. दादरचा पूल चढताना खालचा जबडा कुणी आवळून धरल्यासारखा व्हायचा. वर जाऊन कठड्याला टेकून उभी राहिले की दोन-तीन मिनिटांत गायब. एका डॉक्टरांनी सांगितलं, पाळी जायच्या वयात असं काहीबाही होतं. मग दात दाखवले. दंतवैद्य बाई हुशार. एक्स-रे बघून म्हणाल्या, "दात तर छान आहेत. जेवताना दुखतं का?" नाही. "चढतानाच दुखतं?" हो. "मग हा माझा पेशंट नाही, उद्याच्या उद्या फिजिशियनकडे जा."

त्या रात्री टीव्हीसमोर तांदूळ निवडत बसले होते, आणि बसल्या जागी तेच दुखणं आलं, सोबत दम. तोवर ते फक्त चढण्याचं दुखणं होतं. बसल्या बसल्या आलं म्हटल्यावर मी यांना म्हटलं, उद्या नाही, आत्ता. दोन रक्तवाहिन्यांत अडथळे निघाले, एक बराच मोठा. बायकांनो, जबडा, खांदा, दोन फऱ्यांमधली पाठ, मळमळ, भलता थकवा, यातलं काही कष्टाबरोबर येत-जात असेल तर वय आणि पाळी यांवर ढकलू देऊ नका.

कॅज्युअल्टी ड्युटी
ग्रामीण भागात रात्रपाळ्या करतो, म्हणून थोडं. सगळ्यात त्रास देणारं वाक्य म्हणजे "डायजीन घेतल्यावर बरं वाटलं, म्हणजे गॅसच." असं ठरत नाही. हृदयाचं दुखणंही मधेच ओसरतं. दाबल्यावर दुखतं म्हणजे हृदय नाही, हेही शंभर टक्के खरं नाही. शटलकॉक यांचं वय, इतिहास आणि ईसीजी सगळं एका बाजूला होतं म्हणून ते निदान झालं.

पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणून घरी पळू नका. ॲटॅकच्या सुरुवातीला तो नॉर्मल असू शकतो. म्हणून तो पुन्हा काढतात, आणि ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात येणारं प्रथिन) वाढायला वेळ लागतो म्हणून तेही काही तासांनी परत बघतात. नातेवाइकांना वाटतं बिल वाढवायला थांबवलंय.

मी स्वतः फोनवर विचारतो ते इतकंच: घाम आहे का, दम आहे का, हातात-जबड्यात-पाठीत जातंय का, चक्कर आली का, वय काय, साखर-बीपी-तंबाखू काय. दुखणं किती जोरात आहे हे मी फारसं विचारत नाही. ॲसिडिटीवाला जमिनीवर लोळतो आणि ॲटॅकवाला खुर्चीत गप्प बसलेला असतो, हे नेहमीचं आहे.

एडिसनवासी
मुंबईहून नेवार्कला आलो, १५-१६ तास खिडकीशी, उठलो नाही. दोन दिवसांनी उजव्या बरगडीखाली श्वास घेतला की सुरी. खोकल्याचं वाटलं. बायकोने पाय बघितले, डावी पोटरी उजवीपेक्षा जाड आणि गरम. इथे इमर्जन्सीत जायचं म्हणजे आधी बिल डोळ्यांसमोर येतं, पण पायरी चढताना धाप लागली तेव्हा ९११ केला. सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसात गुठळी, पायातून सरकलेली. काही महिने रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या. प्लास्टरमध्ये पाय असलेल्यांनी, नुकतं ऑपरेशन झालेल्यांनी हे ध्यानात ठेवा.

काडीपैलवान
उंच, सडपातळ, वय २१. लायब्ररीत बसलो असताना एकदम एका बाजूला कळ आणि दम. फुप्फुसाभोवती हवा साठली होती. छातीत नळी घातली. माझ्यासारख्या अंगकाठीच्या पोरांमध्ये होतं म्हणे, सिगारेट असेल तर जास्तच.

स्पष्टवक्ता
सगळे "जा, जा" म्हणताय. माझ्या मेहुण्याला एका खासगी हॉस्पिटलात ॲसिडिटीसाठी आयसीयूत टाकला, मग अँजिओग्राफी, रिपोर्ट स्वच्छ, बिल मात्र स्वच्छ नाही. प्रत्येक ढेकरेला माणूस तिथे नेणार का?

कॅज्युअल्टी ड्युटी
स्पष्टवक्ता, राग समजतो. ढेकरेला नेऊ नका. पण नवं दुखणं आहे, काही मिनिटांत जात नाही, वय चाळिशीपुढचं आहे, तर ईसीजी तरी हवाच. तो उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात काढता येतो. तिथून पुढे कुठे न्यायचं ते पट्टी हातात असताना ठरवा. अँजिओग्राफी का हवी, हे विचारायचा हक्क तुम्हाला आहेच, आणि ईसीजी-ट्रोपोनिन ठीक असेल तर जरूर विचारा.

रातराणी
मला पॅनिक ॲटॅक येतात. छाती धडधडते, बोटांना मुंग्या, आता मरणार असं पक्कं वाटतं. पहिल्या वेळी सगळं तपासून घेतलं, म्हणून आता ओळखू येतं आणि बहुतेक वेळा घरीच सावरते. पण नेहमीपेक्षा वेगळं काही वाटलं तर माझ्या मानसोपचारतज्ज्ञांनी बजावलंय: "पॅनिक आहे हे तू ठरवायचं नाहीस, ईसीजीला ठरवू दे."

परसबाग
कॅज्युअल्टी ड्युटी, आमच्याकडे सॉर्बिट्रेट (रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी) घरात ठेवतात. कुणालाही जिभेखाली द्यायची का?

कॅज्युअल्टी ड्युटी
कुणालाही नाही. ज्याला डॉक्टरांनी लिहून दिलीय त्यालाच, बसवून. बीपी आधीच खाली असेल तर आणखी कोसळतं. आणि व्हायग्राच्या जातीची गोळी घेतली असेल तर अजिबात नाही. हे पुरुष घरच्यांसमोर सांगत नाहीत, तेव्हा एकट्याला विचारा. ॲस्पिरिनचं वेगळं: तिची ॲलर्जी, अल्सर, रक्तस्राव नसेल तर ॲस्पिरिन साधारण ३०० मिलिग्रॅम चावून. शंका असेल तर १०८ वर विचारून.

गुहागरी
आमची वाडी डांबरी रस्त्यापासून पाऊण किलोमीटर उतारावर, गाडी खाली येत नाही. काकांना दुखायला लागलं तेव्हा ते म्हणाले, "चालत येतो, त्यात काय." पोरांनी प्लास्टिकच्या खुर्चीला दोन बांबू बांधले आणि चढणीवरून वर नेलं. वर रिक्षा तयार होती, पण १०८ येईपर्यंत थांबायचं की रिक्षाने निघायचं यावर वाद. १०८वालीच फोनवर म्हणाली, निघा, वाटेत गाडी गाठेल. चिपळूणच्या अलीकडे गाठलं. आता वाडीत बांबू आणि खुर्ची देवळाच्या पडवीत कायमची ठेवलीय, आणि रिक्षावाल्याचा नंबर खडूने भिंतीवर.