फराळात पामतेल नको, मदत हवी आहे
नमस्कार मंडळी, मी वडोदऱ्यात दांडिया बाजारात राहते, आम्ही भिशीच्या बायका मिळून दिवाळीचा फराळ करून देतो आणि यंदा मला पामतेल अजिबात वापरायचं नाहीये. बोर्निओ-सुमात्रातली केवढी वर्षावनं तोडून पामची लागवड झालीय, तिथली ओरांगउटानची मादी 7-8 वर्षांतून एकदाच पिल्लू देते हो, मग गेलेलं परत भरून कसं निघणार? काल पाकिटामागचं बारीक अक्षर चष्मा लावून वाचलं तर वनस्पती तुपातसुद्धा पामच! चकली शेंगदाणा तेलात होईल, पण चिरोट्यांच्या साट्याला काय वापरू? सगळं साजूक तुपात परवडत नाही. आणि मांडवी-रावपुऱ्याकडे घाण्याचं तेल 15 किलोच्या डब्यात कोण देतं? प्लीज लवकर सांगा, ऑर्डरी यायला लागल्यात.