सिग्नलला उभी राहिली की गाडी थरथरते, चारही नोझल बदलू का?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. आमच्याकडे सात सीटर डिझेल एसयूव्ही आहे, २.२ लिटर, चार सिलिंडर, मॅन्युअल, ९४,००० किमी झालेत. गेले दोन-तीन महिने न्यूट्रलमध्ये उभी असली की स्टिअरिंग, सीट, दारं सगळंच थरथरतं, डाव्या आरशात मागची गाडी धड दिसत नाही इतकं, आणि एसी लावला की अजून वाढतं. जरा रेस दिली, काटा हजार-बाराशेला गेला की एकदम शांत. पळताना काहीच नाही, पिकप तसाच, अ‍ॅव्हरेज तेच, धूर नाही. सासूबाईंच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय, त्यांना पंधरा दिवसांनी मुंबईला दाखवायला न्यावं लागतं, भिवंडी बायपासला गाडी जागेवर उभी राहते तेव्हा त्या सीटवरून पाठ उचलून बसतात, बघवत नाही. सर्व्हिस सेंटरला स्कॅनर लावला, फॉल्ट कोड एकही नाही, तरी म्हणतात चारही नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारतात ते) बदला, आकडा साठ हजारांच्या घरात सांगतायत. बदलू का?

वाशीकर
आयडलिंग (गाडी उभी असतानाचा इंजिनचा वेग) शंभर-दीडशेने वाढवून घ्या, माझ्या आधीच्या गाडीला तेच केलं होतं, थरथर गेली. हां, आत्ताच्या पेट्रोल गाडीला मात्र मिसिंग होतं, म्हणजे एक सिलिंडर नीट पेटत नव्हतं, तिसऱ्या सिलिंडरची कॉइल (स्पार्क प्लगला करंट देते ती) दुसऱ्याला लावून बघितली तर कोडही तिसऱ्यावरून दुसऱ्यावर गेला, मग एकच कॉइल बदलली. डिझेलमध्ये तसं करता येत नाही बहुतेक.

पान्हा_कोल्हापूर
ताई, नोझलला अजिबात हात लावू देऊ नका अजून. माझं स्वतःचं गॅरेज आहे, रोज डिझेलच बघतो. पहिलं हे ठरवायचं की इंजिन स्वतः हादरतंय, की इंजिन नेहमीसारखंच चाललंय आणि हादरा फक्त बॉडीत पोचतोय. बाहेर उभं राहून सायलेन्सरचा आवाज ऐका. चार सिलिंडरचं इंजिन ८०० आरपीएमला (मिनिटाला ८०० फेऱ्या) सेकंदाला साधारण २७ वेळा फायर करतं, त्याची थरथर बारीक आणि एकसारखी लागते. एखादं सिलिंडर कमी काम करत असेल तर दर दोन फेऱ्यांत एकदा धक्का चुकतो, म्हणजे सेकंदाला सहा-सात वेळा, तो झोला हाताला वेगळा कळतो, गाडी लंगडल्यासारखी वाटते, सायलेन्सरही भक-भक करतो. तुम्ही जे लिहिलंय, बारीक थरथर, पिकप चांगला, धूर नाही, रेस दिली की शांत, ते मला फाउंडेशनचं वाटतंय.

फाउंडेशन म्हणजे इंजिन ज्या रबरांवर बसवलेलं असतं ते. बऱ्याच नव्या गाड्यांत एका बाजूच्या फाउंडेशनच्या आत पातळ द्रव भरलेला असतो, ते फुटलं की द्रव गळून जातो, इंजिन खाली बसतं आणि रबराऐवजी लोखंडाला लोखंड टेकतं. बोनेट उघडून टॉर्चने बघा, त्याच्या खाली ओला काळपट ओघळ दिसला तर समजा. मग मेकॅनिककडून एवढं करून घ्या: गाडी चालू, सम्पखाली (इंजिनच्या तळाचं ऑइलचं भांडं) लाकडी फळी ठेवून जॅकने इंजिन अगदी किंचित, फक्त वजन हलकं होईल इतकंच उचलायचं. उचलल्याबरोबर थरथर कमी झाली तर दोष फाउंडेशनचाच. जास्त उचलाल तर सम्प चेपेल.

नोझलचा संशय उरलाच तर इंजिन गरम झाल्यावर स्कॅनरवर चारही सिलिंडरचं करेक्शन (गाडीचा कॉम्प्युटर कुठल्या सिलिंडरला डिझेल कमी-जास्त करतोय तो आकडा) वाचायला सांगा, आणि रिटर्नच्या नळ्यांना (नोझलमधून उरलेलं डिझेल परत नेतात त्या) चार बाटल्या लावून कुठली जास्त भरते ते बघायला सांगा. एकच वेगळं निघालं तर चार कशाला बदलायचे? आणि एक मनापासून सांगतो, जुन्या गाड्यांना चालू इंजिनवर नोझलचा पाइप सैल करून मिसिंग शोधायचे, तुमच्यासारख्या कॉमन रेलला (एकाच हाय प्रेशर पाइपातून सगळ्या नोझलना डिझेल जातं ते इंजिन) ते कुणालाही करू देऊ नका. आयडलिंगलाच आत दोनशे-तीनशे बार प्रेशर असतं, डिझेलची धार कातडी फाडून आत जाते.

वाशीकरभाऊ, आयडलिंग वाढवून थरथर फक्त लपते, फुटलेलं रबर फुटलेलंच राहतं, आणि पुढे इंजिन हलून पाइप, वायरी घासायला लागतात.

गोदाकाठ
दादा, खूप आभार, काल दिवसभर हेच केलं. घराजवळच्या गॅरेजवाल्याला तुमचं उत्तर वाचून दाखवलं, तो आधी नको म्हणत होता. टायमिंगच्या बाजूच्या फाउंडेशनखाली तुम्ही म्हणालात तस्साच ओघळ होता, बोट लावलं तर चिकट. फळी लावून जॅकचा दांडा दोनदा दाबला आणि डॅशबोर्डवरचा गणपती हलायचा थांबला, मी आतच बसले होते, डोळ्यांनी बघितलं. बाटल्याही लावल्या, दहा मिनिटांत चारही जवळपास सारख्याच भरल्या. ते फाउंडेशन आणि गिअरबॉक्सखालचा टॉर्क रॉड (इंजिनला डोलू देत नाही तो दांडा) दोन्ही नवे टाकले, रॉडचं रबर चिरलेलं होतं. सगळं मिळून साठ हजारांच्या पाव भागातही नाही. आता न्यूट्रलला शांत आहे, फक्त एसीचा कॉम्प्रेसर चालू झाला की पायाखाली अजून बारीक गुणगुण येते.

पान्हा_कोल्हापूर
झ्याक काम केलंत. गुणगुणीसाठी एसीचा पाइप बघा, इंजिन इतके दिवस खाली बसलेलं होतं, त्यात पाइप किंवा त्याची क्लिप सरकून बॉडीला टेकली असेल. गाडी बंद करून पाइपच्या कडेने जाड कागदाची पट्टी फिरवा, जिथे अडकेल तिथे टेकलंय. आणि फाउंडेशनचे बोल्ट शेवटचे आवळताना जॅक काढून इंजिनचं वजन रबरावर आलेलं होतं का, ते विचारा. नसेल तर सैल करून, वजन बसवून, परत आवळायला सांगा, नाहीतर नवं रबर पिळलेलंच राहतं.

गोदाकाठ
जॅक लावलेला असतानाच आवळले होते. उद्या सकाळीच नेते, गुरुवारी मुंबईला निघायचंय.