बर्फ वितळताना गळती: सगळं छप्पर बदलावं का?

न्यू जर्सीतलं घर, अ‍ॅस्फाल्ट शिंगल्स (छपरावरच्या डांबरी पट्ट्या) साधारण २० वर्षांच्या, एकच थर, उतार ४:१२ (१२ फूट आडव्या अंतरात ४ फूट चढ). मुसळधार पावसात थेंबही येत नाही. छपरावरचा बर्फ वितळायला लागला की मात्र बाहेरच्या भिंतीलगतचं सीलिंग ओलं होतं. गटर साफ केलं, व्हेंट पाइप छपरातून बाहेर येतो तिथला रबरी बूट बदलला, फ्लॅशिंग (सांध्यांवरचे पत्रे) तपासून घेतलं, फरक नाही. अ‍ॅटिकमधल्या इन्सुलेशनने बुजलेले सॉफिट व्हेंट (छपराच्या कडेखालची हवेची भोकं, छप्पर थंड राहावं म्हणून) आत्ताच मोकळे केलेत, पण त्याचा उपयोग हिवाळ्यातच कळेल.

एक रूफर म्हणतो, सगळं छप्पर उतरवा (तो म्हणणारच!). दुसरा म्हणतो, फक्त खालच्या ओळी काढून छपराच्या कडेपासून बाहेरच्या भिंतीच्या रेषेच्या आत २४ इंचांपर्यंत आइस अँड वॉटर शील्ड (शिंगल्सखालचा चिकट, पाणी अडवणारा थर) लावू. इतक्या जुन्या शिंगल्सची वरची ओळ उचलताना ती तडकत नाही का? असं अर्धंच काम कुणी करून घेतलंय का, आणि ते टिकलं का?