स्प्रिंकलर: हेड मोजून डिझाइन होत नाही

आग विझवणाऱ्या स्प्रिंकलरबद्दल कुणीतरी विचारलंय, की एक हेड (छतातलं पाणी फवारणारं तोंड) फुटलं तर सगळ्या मजल्यावर पाणी कोसळेल ना? नाही. तो सिनेमाचा प्रताप. नेहमीच्या वेट पाइप सिस्टिममध्ये, म्हणजे पाइपात कायम पाणी भरलेलं असतं तिथं, प्रत्येक हेडला सहसा स्वतःचा काचेचा बल्ब असतो आणि जिथं उष्णता पोचते तेवढीच हेड उघडतात. लाल बल्ब ६८ अंशांना फुटतो, हिरवा ९३ला. म्हणून बॉयलर रूममध्ये लाल बल्ब लावणं म्हणजे आग नसताना पाणी ओढवून घेणं.

अंतराचं म्हणाल तर एनएफपीए १३ (स्प्रिंकलरसाठीचं अमेरिकन मानक) प्रमाणे ऑफिससारख्या कमी धोक्याच्या जागी एका साध्या हेडमागे जास्तीत जास्त सुमारे २१ चौरस मीटर, दोन हेडमध्ये ४.६ मीटर. धोका वाढला की क्षेत्र घटतं. पण माझ्या मते खरा घोळ नकाशात नसतो, नंतर होतो. हेड बसल्यावर एसीचं डक्ट येतं, बीमला लागून दिवे येतात, आणि पाण्याची छत्री अर्ध्यातच अडते. गोदामात तर माल छताला भिडवतात. डिफ्लेक्टरखाली (हेडच्या पाणी पसरवणाऱ्या चकतीखाली) निदान ४५ सेंटीमीटर मोकळं हवं.

आणि हो, रंगाऱ्यांना आवरा! हेडवर रंग बसला तर ते पुसून चालत नाही, बदलावंच लागतं.

पंप आणि टाकीचा हिशोब हायड्रॉलिक गणितानंतरच, म्हणजे पाण्याचा दाब आणि प्रवाह किती लागेल ते काढल्यावरच. हाताशी पंप आहे म्हणून त्याला जुळेल अशी पाइपिंग करणं उलटं काम झालं.