अकरा वर्षांची गाडी: कंपनीचे सुटे भाग घ्यावेत की बाहेरचे?

अंत्रुजकर (फोंडा)

सर्वांना नमस्कार. माझ्याकडे २०१४ सालची पेट्रोल वॅगन आर आहे. रोज फोंडा ते पणजी जाणे-येणे असते आणि अधूनमधून चोर्ला घाटातून बेळगावला जावे लागते. या पावसाळ्यात पुढच्या चाकांकडून खडखड सुरू झाली असून गतिरोधकावरून गाडी उतरली की धक्का थेट स्टिअरिंगपर्यंत जाणवतो. तपासणी केली तेव्हा पुढचे दोन्ही शॉक अ‍ॅब्सॉर्बर तेल सोडत असल्याचे आणि दोन्ही लोअर आर्मचे (चाक गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्यांचे) रबर बुश (सांध्यातल्या रबरी गाद्या) फाटल्याचे निघाले. ब्रेक पॅडही संपत आले आहेत.

अधिकृत सेवा केंद्राच्या अंदाजपत्रकात सामानाचे १२,६०० आणि मजुरीचे ४,९०० असे एकूण १७,५०० रुपये दाखवले आहेत. आमचा नेहमीचा गॅरेजवाला हेच काम 'लोकल' सामान घालून ८,५०० रुपयांत करून देतो म्हणतो. त्यात सामान ६,३०० आणि मजुरी २,२००. याखेरीज डाव्या हेडलाइटला तडा गेला आहे. तो कंपनीचा घेतला तर ३,२०० आणि बाहेरचा घेतला तर १,४०० रुपये पडतील. गाडीचा विमा सर्वसमावेशक आहे, पण 'झीरो डेप' (जुनेपणापोटी घसारा न कापता भागांची भरपाई देणारी जोड) घेतलेला नाही.

दुप्पट पैसे मोजून खरोखर दुप्पट टिकणारी वस्तू मिळते का, की आपण केवळ खोक्यावरच्या नावाचे पैसे देतो, हे जाणकारांनी सांगावे.

बार्देशी (म्हापसा)

सुट्या भागांच्या दुकानात माझे बरेच आयुष्य गेले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी तुमचेच आकडे पाहू. दोन अंदाजांत फरक ९,००० रुपयांचा आहे, पण त्यातले २,७०० रुपये निव्वळ मजुरीचे आहेत आणि त्यांचा सामानाच्या दर्जाशी काडीचाही संबंध नाही. कंपनीच्या खोक्यातले सामान अधिकृत वितरकाकडून पक्क्या बिलावर स्वतः विकत आणून गॅरेजमध्ये बसवून घेतले, तर तेच काम १४,८०० रुपयांत होते. हा मधला मार्ग बहुतेकांच्या लक्षात येत नाही. काही गॅरेजवाले बाहेरून आणलेले सामान बसवायला कां-कूं करतात, कारण सामानावरची सूट हाही त्यांच्या कमाईचा भाग असतो. तेव्हा मजुरी दोन-तीनशे रुपयांनी वाढवून द्यायची तयारी ठेवा.

दुसरे म्हणजे 'लोकल' एवढ्यावर समाधान मानू नका, सामान कोणत्या ब्रँडचे हे विचारा. गाडी बनवणारी कंपनी शॉक, ब्रेक, क्लच, बेअरिंग, दिवे यांतले फारच थोडे स्वतः बनवते. गॅब्रिएल किंवा मुंजाल शोवा यांच्यासारखे उत्पादक शॉक बनवून गाडीच्या कारखान्यांना पुरवतात, ब्रेकमध्ये ब्रेक्स इंडिया आहे, दिव्यांत लुमॅक्स आहे, आणि यांपैकी अनेकांचा माल स्वतःच्या नावाच्या खोक्यातूनही बाजारात येतो. गाडीच्या कंपनीच्या खोक्यात तोच माल शिरला की त्यावर तिची साठवणूक, वितरण, हमी आणि नफा चढतो. अर्थात पुरवठादाराच्या खोक्यातली वस्तू दर वेळी तंतोतंत तीच असते असे मी म्हणणार नाही. रबराचे मिश्रण किंवा शॉकमधील व्हॉल्व्हची रचना वेगळी असू शकते. पण ती हमी असलेली, नाव-पत्ता असलेली वस्तू असते. याच्याही खाली नावगाव नसलेल्या, प्लास्टिकच्या पिशवीत येणाऱ्या मालाचा थर आहे, आणि ६,३०० रुपयांत तुमची ही सगळी यादी बसते म्हणजे त्यातले काही तरी याच थरातले असणार, असा माझा अंदाज आहे.

सगळ्या भागांना एकच नियम लावू नये. मी स्वतः मजुरीकडे पाहून ठरवतो. एअर फिल्टर बदलायला पाच मिनिटे लागतात. तो हलका निघाला तर फेकून दुसरा घालता येतो. लोअर आर्मचे तसे नाही. तो उतरवायचा म्हणजे चाक, बॉल जॉइंट (आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा फिरता सांधा), बोल्ट सगळे सोडवावे लागते, आपल्याकडच्या खाऱ्या दमट हवेत ते बोल्ट गंजून धरलेले असतात, आणि काम झाल्यावर व्हील अलाइनमेंटचा खर्च वेगळा. हलक्या रबराचा बुश दुसऱ्या पावसाळ्यात फाटला तर वाचवलेले हजार रुपये मजुरी आणि अलाइनमेंटमध्येच जातात, शिवाय मधल्या काळात टायर एका कडेने खाल्ले जातात ते निराळेच. क्लच प्लेट आणि टायमिंग बेल्ट यांनाही हेच लागू. क्लचसाठी अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात.

ब्रेक पॅडबाबत मात्र मजुरीचा विचारच गौण ठरतो. स्वस्त पॅडमध्ये दोन दोष नेहमी दिसतात. एक तर घर्षणाचा मसाला इतका कडक असतो की पॅड टिकतो आणि डिस्क खाल्ली जाते, किंवा तो तापल्यावर पकड सोडतो. पणजीच्या रहदारीत हे कळणार नाही. चोर्ल्याच्या उतारावर, चार माणसे आणि सामान घेऊन, वळणावळणाला ब्रेक दाबताना कळेल. तिथे नामांकित ब्रँडच्या खालचे काही घालू नका. कंपनीचाच पॅड हवा असा मात्र माझा आग्रह नाही.

आणखी एक गोष्ट. कंपनी बहुधा लोअर आर्म अख्खा बदलायला सांगते, कारण सेवा केंद्राला तेच सोयीचे असते. बॉल जॉइंट घट्ट असेल आणि आर्म वाकलेला नसेल, तर अनेक गाड्यांत फक्त बुश प्रेसवर काढून नवे बसवता येतात. गॅरेजवाल्याला बॉल जॉइंट हाताने हलवून दाखवायला सांगा. तो खुळखुळत असेल तर मात्र आर्म पूर्ण बदलणेच बरे.

तिसवाडीकर (पणजी)

हेडलाइटबद्दल लिहितो, विम्याच्या दाव्यांची तपासणी हेच माझे काम आहे.

विम्यातून दिवा बदलून घ्यावा असा विचार मनात असेल तर तो सोडून द्या. झीरो डेप नसलेल्या पॉलिसीत प्लास्टिक, नायलॉन आणि रबराच्या भागांवर सरसकट ५० टक्के घसारा कापला जातो. म्हणजे ३,२०० रुपयांच्या दिव्याचे १,६०० रुपयेच ग्राह्य धरले जातील. १,५०० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला प्रत्येक दाव्यात १,००० रुपये स्वतः सोसावे लागतात, ते वजा जाता हाती येतील ६०० रुपये, आणि त्या ६०० रुपयांपायी नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जाईल. तो तुमच्याकडे पूर्ण ५० टक्क्यांपर्यंत चढलेला असेल, तर पुढच्या वर्षीचा हप्ता किती वाढेल याचा हिशेब तुम्हीच करा.

धातूच्या भागांवरचा घसारा गाडीच्या वयानुसार ठरतो: पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के आणि दहा वर्षांपुढे ५० टक्के. काचेवर घसारा नाही. त्यामुळे समोरची काच फुटली तर दाव्याचा विचार जरूर करावा. ती बाहेरची बसवणार असाल तर काचेवरची आयएसआय खूण आणि 'आयएस २५५३' हा क्रमांक पाहून घ्यावा.

बाहेरच्या दिव्यांचे दोन त्रास आपल्या हवेत लवकर दिसतात. पुढच्या पारदर्शक आवरणावरचा अतिनील किरणांपासूनचा थर हलका असला की ते पिवळे पडते, आणि मागची सांधजोड नीट नसली की जून-जुलैत आत दव धरून पाण्याचे थेंब लटकू लागतात. पत्र्याच्या बाबतीत मी जास्त कडक आहे. कंपनीचा फेंडर किंवा बोनेट गंजरोधक थर देऊन येतो. बाहेरचा पुष्कळदा पातळ पत्र्याचा आणि नुसत्या प्रायमरवर येतो, त्याची भोके जुळवायला ठोकाठोक करावी लागते आणि रंग उडाला तिथूनच गंज चढू लागतो. समुद्राजवळ गाडी उभी राहत असेल तर पत्र्यात काटकसर करू नये.

सत्तरीकर (वाळपई)

बार्देशीबाबांचे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे, तरी एक बाजू राहून गेली असे मला वाटते. अंत्रुजकर ही गाडी आणखी किती वर्षे ठेवणार आहेत? २०१४ च्या गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी २०२९ मध्ये संपेल, त्यापुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण. दोन वर्षांत विकायची असेल तर कंपनीच्या शॉकचे पैसे गिऱ्हाईक एका रुपयानेही वाढवून देत नाही. विकत घेणारा टायर पाहतो, रंग पाहतो आणि एसी लावून पाहतो.

हेडलाइटसाठी तिसरा पर्याय सांगतो. मोडीत काढलेल्या गाड्यांचे सामान विकणाऱ्यांकडे याच मॉडेलचा जुना, पण कंपनीचा दिवा मिळतो. काच स्वच्छ आहे, मागचे हुक शाबूत आहेत आणि आत ओल नाही एवढे उजेडात धरून पाहावे. नव्या बाहेरच्या दिव्यापेक्षा तो मला केव्हाही चालेल. आरसा, दाराची आतली हँडले, काच वर-खाली करण्याची यंत्रणा यांनाही हाच मार्ग बरा. ब्रेक, स्टिअरिंग आणि सस्पेन्शनचे जुने भाग मात्र फुकट मिळाले तरी घेऊ नयेत. ते कोणत्या अपघातातून आले हे कोणी सांगत नाही.

आणि कंपनीच्या खोक्यावर डोळे झाकून विसंबू नका. नक्कल करणारा चांगल्या नावाचीच नक्कल करतो, कारण पैसा तिथेच आहे.

बार्देशी (म्हापसा)

सत्तरीकरांच्या शेवटच्या मुद्द्याला दुजोरा देतो. ऑइल फिल्टर हे त्याचे ठळक उदाहरण. बाहेरून रंग, छपाई, क्रमांक सगळे जुळते. आत मात्र कागदाच्या घड्या कमी असतात आणि इंजिन बंद असताना तेल मागे निथळू न देणारी रबराची झडप कडक तरी असते किंवा नसतेच. मग सकाळी गाडी सुरू करताना तेल वर पोहोचेपर्यंत इंजिन क्षणभर कोरडे खडखडते. मालकाला वाटते, इंजिन जुने झाले!

खोक्यावर पार्ट नंबर, छापील किंमत आणि पॅकिंगचा महिना-वर्ष स्पष्ट हवे. होलोग्राम किंवा कोड असेल तर तो फोनवर तपासावा. त्याहून मोठी खूण म्हणजे बिल. 'बिल नको असेल तर कमी करतो' असे दुकानदार म्हणाला की तिथून निघावे. जीएसटीचे बिल असले तर फसवणूक झाल्यास १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर किंवा जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते. बिल नसेल तर काय दाखवणार? गॅरेजमध्ये बसवून घेत असाल तर जुना भाग आणि नव्याचे रिकामे खोके दोन्ही मागून घ्या.

किमतींबाबत एक गोष्ट तपासा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सर्व सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे. त्याआधी बहुतेकांवर २८ टक्के होता. करासह १,२८० रुपयांना मिळणारी वस्तू, मूळ किंमत तीच राहिली तर, आता १,१८० ला मिळायला हवी. दुकानात जुन्या लेबलचा माल अजून पडलेला असतो, तेव्हा सुधारित किंमत विचारून घ्या. तुमच्या दोन्ही अंदाजपत्रकांत कोणता दर धरला आहे हेही पाहा.

मुरगावकर (वास्को)

विषय थोडा वाढवतो. माझी गाडी अजून वॉरंटीत आहे, आणि बाहेर कुठेही हात लावला तर वॉरंटी रद्द होईल असे मला सांगण्यात आले आहे. हे खरे का?

तिसवाडीकर (पणजी)

सरसकट खरे नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा कार कंपन्यांना एकूण २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात मिळू न देण्याबद्दलच होता. गाडी स्वतंत्र गॅरेजमध्ये दुरुस्त केली एवढ्याच कारणावरून संपूर्ण वॉरंटी रद्द होईल अशी अट घालू नये, असेही आयोगाने त्यात बजावले. कंपन्यांनी निकालाला पुढे आव्हान दिले, तो भाग वेगळा. व्यवहारात मात्र बाहेर बसवलेल्या भागामुळे बिघाड झाला असे दाखवता आले तर त्या बिघाडाची भरपाई मिळणार नाही, आणि वाद घालण्यात महिने जातील. वॉरंटी असेपर्यंत इंजिन, गिअरबॉक्स आणि वायरिंगला बाहेर हात लावू देऊ नका. वायपर, टायर, बॅटरी खुशाल बाहेरून घ्या.

अंत्रुजकर (फोंडा)

सर्वांचे आभार. आज गॅरेजवाल्याला ब्रँड विचारले. पॅड नामांकित निघाले, पण आर्म आणि शॉक कोणाचे हे त्याला सांगता येईना. बॉल जॉइंट हलवून पाहिले तर डावा सैल आहे, उजवा घट्ट. त्यामुळे डावा आर्म कंपनीचा, उजव्याला नुसते बुश, शॉक आणि पॅड नामांकित ब्रँडचे असे ठरवले आहे. सामानाचा आकडा ८,३०० वर आला आहे, मजुरी तीच. दिव्यासाठी मोडीतल्या गाड्यांकडे चौकशी करतो. दोन शंका राहिल्या: उजवा आर्म तसाच ठेवला तर गाडी एका बाजूला ओढेल का? आणि शॉकबरोबर वरचे माउंटही (शॉकचे वरचे टोक गाडीला जिथे बसते तो आधार) बदलायचे का?

बार्देशी (म्हापसा)

दोन्हीकडचे बुश नवे असतील आणि अलाइनमेंट नीट झाली असेल तर ओढणार नाही. बुशचे बोल्ट मात्र गाडी जमिनीवर टेकवून, चाकांवर भार असतानाच शेवटचे घट्ट करायला सांगा. गाडी उचललेली असताना आवळले तर रबर पिळलेल्या अवस्थेत राहते आणि लवकर फाटते. वरचे माउंट आणि त्यातले बेअरिंग अकरा वर्षांचे असेल तर आताच बदला, कारण शॉक उतरवलेलाच आहे आणि त्यासाठी वेगळी मजुरी पडत नाही. धुळीपासून वाचवणारे रबरी बूट आणि बंप स्टॉपही (शॉक पूर्ण दबल्यावर धक्का झेलणारा तुकडा) पाहून घ्या. काही खोक्यांत ते शॉकबरोबर येत नाहीत, आणि गॅरेजमध्ये जुनेच परत चढवले जातात.