किंगस्नेक पूर्ण वाढल्यावर केवढा होतो? खायला किती आणि किती दिवसांनी द्यायचं?

मांजराकाठ (लातूर)
कॅलिफोर्निया किंगस्नेक (पाळला जाणारा, अमेरिकेतला बिनविषारी साप), नर, वय अंदाजे 14 महिने. वजन 110 ग्रॅम, लांबी 65 सेंमीच्या आसपास. दर 5 दिवसांनी एक हॉपर (केस आलेलं उंदराचं पिल्लू) देतो. तरी पेटीजवळ गेलं की काचेवर तोंड आपटतो, म्हणजे पोट भरत नसेल का? विकणाऱ्याने सांगितलं होतं की 6 फुटांचा होईल आणि जितकं चाराल तितका लवकर वाढेल. मोठी पेटी एकदाच करून घ्यायची तर किती फुटी? आणि गोठवलेले उंदीर बाहेरगावाहून मागवावे लागतात, घरातल्या सापळ्यात सापडलेले चालतील का?

गोदाकाठचा_सरपट (नांदेड)
6 फूट विसरा. कॅलिफोर्निया किंगस्नेक साधारण अडीच ते चार फुटांवर थांबतो, नर मादीपेक्षा थोडा लांब. 6 फुटांच्या गोष्टी येतात त्या ईस्टर्न किंगस्नेकवरून. तो पूर्व अमेरिकेतला, त्याच्यातले मोजके 6 फूट ओलांडतात. विकणारे सगळे किंगस्नेक एकाच मापाने विकतात. तुमचा 3 ते साडेतीन फुटांचा होईल असं धरा. बहुतेक वाढ पहिल्या 2-3 वर्षांत होते, नंतर अगदी सावकाश.

लांबी कातीवरून मोजू नका, कात उतरताना ताणली जाते आणि साप आहे त्यापेक्षा बराच लांब दिसतो. वजन मात्र दर महिन्याला घ्या. झाकणाचा डबा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवून काटा शून्य करायचा, मग साप डब्यात. हे खायला देण्याच्या आदल्या दिवशी, पोट रिकामं असताना.

काचेवर तोंड आपटणं म्हणजे भूक नव्हे. किंगस्नेकचा स्वभावच तो, हलेल ते अन्न समजतो. जेवून दुसऱ्या दिवशीही तेच करेल. त्यावर विश्वास ठेवून चारत गेलात तर वर्षभरात जाड होईल. लांबी थोडी लवकर वाढते हे खरं, पण पुढे सगळं चरबीत जातं आणि यकृतावर येतं.

तुमच्या सापाचा हिशोब असा: वजनाच्या 10 टक्के, म्हणजे 10-11 ग्रॅमचा हॉपर, पण 5 ऐवजी 7 दिवसांनी. 200 ग्रॅम ओलांडल्यावर 18-20 ग्रॅमचा उंदीर, 8 ते 10 दिवसांनी. पूर्ण वाढल्यावर 25 ग्रॅमच्या आसपासचा एक मोठा पांढरा उंदीर, 10 ते 14 दिवसांनी. तेव्हा 10 टक्क्यांचा नियम सोडून द्यायचा, वाढ थांबलेली असते. भक्ष्याची जाडी सापाच्या सर्वांत जाड भागाएवढी, फार तर सव्वापट.

काट्यापेक्षा डोळ्यांवर भरवसा ठेवा. अंग मधोमध आडवं कापलंय अशी कल्पना करा: पाठीकडे किंचित निमुळतं, कडा गोल, तळ सपाट असेल तर ठीक. पाठीचा कणा धारेसारखा वर आला असेल तर कमी पडतंय. साप सरळ पडलेला असतानाही खवल्यांमधली कातडी दिसत असेल आणि शेपटीच्या सुरुवातीला वळ्या पडत असतील तर दोन जेवणांत अंतर वाढवा.

पेटी 4 फूट × 2 फूट करा, साप पूर्ण लांब होऊन पडू शकला पाहिजे. आणि त्यात एकच साप. हा साप सापच खातो, जोडीला ठेवलेला दुसरा किंगस्नेकही सोडत नाही.

बिनविषारी_बीड
सापळ्यातले उंदीर अजिबात नको. आपल्याकडे घरात, दुकानात, शेतात सगळीकडे उंदराचं औषध पडलेलं असतं. ते खाल्लेला उंदीर दोन-तीन दिवस धडधाकट फिरतो, सापळ्यात येतो आणि औषध सापाच्या पोटात जातं. शिवाय जंत. पालीही त्याच कारणाने नको. जिवंत पांढरा उंदीरही नको, कोपऱ्यात सापडला की तो सापाच्या तोंडाला, डोळ्याला चावतो. कोंबडीचे तुकडे हा पर्याय नाही: हाडं, यकृत, आतडी असं अख्खं जनावर लागतं, नुसत्या मांसात कॅल्शियम नसतं. (दुधाबद्दल कुणी विचारण्याआधीच: नाही.)

गोठवलेला उंदीर आदल्या रात्री फ्रिजमध्ये खाली उतरवा. देताना झिपच्या पिशवीत घालून 40-45 अंशांच्या पाण्यात 10-15 मिनिटं. पोट दाबून पाहा, आत कडक लागलं तर अजून बर्फ आहे. उकळतं पाणी किंवा मायक्रोवेव्ह वापरलात तर पोट फुटतं. कोरडा पुसून लांब चिमट्याने द्या, हाताला वास लागला तर साप हातच धरेल. तासाभरात घेतला नाही तर टाकून द्या, मे महिन्यात तर नक्कीच. परत गोठवू नका.

मांजराकाठ (लातूर)
अंतर 7 दिवस करतो. अजून एक: मागच्या थंडीत दोनदा खाल्लेलं उलटून पडलं, दोन्ही वेळा तिसऱ्या दिवशी. उंदीर ताजाच होता. मग कारण काय असेल?

पशुवैद्य_परभणी
रात्री वीज जाते का ते आधी पाहा. पचनासाठी उबदार बाजू 29 ते 31 अंश, गार बाजू 23-25 लागते. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा 10 च्या खाली जातो. हीट मॅट चार-पाच तास बंद पडली की पोटातला उंदीर पचण्याऐवजी सडायला लागतो आणि साप तो बाहेर टाकतो. दुसरं नेहमीचं कारण, खाल्ल्यावर 48 तासांच्या आत हाताळणं.

उलटल्यानंतर लगेच पुन्हा चारणं ही सर्वांत मोठी चूक. पाचक रस आणि आतड्याचं अस्तर भरून यायला वेळ लागतो. 10 ते 14 दिवस फक्त पाणी, मग नेहमीच्या निम्म्या आकाराचं भक्ष्य, ते पचलं तर हळूहळू मूळ मापावर. तुमच्याकडे दोनदा झालंय, म्हणून विष्ठेची तपासणी करून घ्या. ताजी विष्ठा स्वच्छ डबीत, फ्रिजमध्ये ठेवून 24 तासांच्या आत. पशुवैद्यकीय महाविद्यालय परभणीत आहे तसं उदगीरलाही आहे, तुम्हाला उदगीर जवळ. सरपटणारे प्राणी कोण पाहतं ते आधी फोनवर विचारा.

उन्हाळ्यात उलट. खोली 36-38 वर गेली की थर्मोस्टॅट मॅट बंद करतो, पण पेटी गार करू शकत नाही. पेटी तळमजल्यावर, पत्र्याच्या खोलीत कधीच नाही. गार बाजूला शहाबादी फरशीचा तुकडा, जाळीच्या झाकणावर फडक्यात गुंडाळलेली गोठलेल्या पाण्याची बाटली, पाण्याचं भांडं अंग बुडेल एवढं. त्या दिवसांत भक्ष्य लहान द्या. डोळे दुधी-निळे झाले असतील तर कात टाकेपर्यंत देऊच नका, आणि नर फेब्रुवारी ते एप्रिल खात नसेल आणि वजन टिकून असेल तर घाबरू नका.

बिनविषारी_बीड
नव्या पेटीला सरकत्या काचेचं कुलूप लावा, बोटभर फटीतून हा निघून जातो. तुमचा पट्ट्यांचा असेल तर घरच्यांना आत्ताच सांगून ठेवा: पेटी रिकामी दिसली आणि रात्री भिंतीकडेला काळा-पांढरा साप दिसला, तर आपलाच म्हणून हात घालायचा नाही. मण्यारही तशीच दिसते, तीही रात्रीच फिरते. दिवा लावून लांबून नजर ठेवायची आणि सर्पमित्राला बोलवायचं.